लिगायाचं माहेर

सोनियानं तिला आधी पाहिलं नाही, आधी ऐकलं.

मलकापुरातल्या त्या दवाखान्यात मंगळवारी गरोदर बायकांची तपासणी असायची. बाकांवर पंधरा-वीस जणी, प्रत्येकीशेजारी सासू नाहीतर आई, आणि सगळ्यांचा मिळून एवढा गलका की डॉक्टरीणबाई आतून दोनदा बेल वाजवायच्या. सोनिया रक्तदाबाचं यंत्र घेऊन एकेकीच्या दंडाला पट्टा बांधत पुढं सरकत होती. त्या गलक्यात कुणीतरी अगदी बारीक आवाजात गुणगुणत होतं.

सोनियाच्या हातातला पट्टा तसाच राहिला.

ते गाणं मलकापुरात कुणाला ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं. फिलिपिन्समधल्या एका संगीत नाटकातलं गाणं होतं ते. बंदरावर राहणारी एक बाई, तिचा भाऊ बोटीवर गेलेला. ती रोज संध्याकाळी धक्क्यावर येते, परत आलेल्या बोटींकडे बघते आणि गाते. सोनियानं ते नाटक मोबाइलवर चाळीस वेळा तरी पाहिलं असेल. या जिल्ह्यात, किंबहुना शेजारच्या दोन-चार जिल्ह्यांतही, हे गाणं येणारी आपण एकटीच, असं ती धरून चालली होती.

गुणगुणणारी बाई कडव्याच्या मध्यावरच थांबली, कारण शेजारी बसलेल्या सासूनं तिला कोपरानं ढोसलं. "ए, गप बस की. माणसं बघत्यात."

पुढची ओळ सोनियाच्या तोंडून गेली. कशी गेली ते तिचं तिलाच कळलं नाही.

बाकावरची बाई उठून उभी राहिली. काठापदराची साडी, कपाळावर मोठी टिकली, हातात हिरवा चुडा. चेहरा मात्र इकडचा नव्हता. जत्रेत हरवलेल्या पोराला गर्दीत आईचा पदर दिसावा तसं तिनं सोनियाकडे पाहिलं, आणि सगळ्या बाकांसमोर ती रडायला लागली.

"आगं, काय केलंस तिला?" सासू ताडकन उठली.

"काय न्हाई काकी. गाणं म्हटलं. त्यांच्या देशातलं."

सासूनं सोनियाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तू कुठली गं?"

"कवठे महांकाळची."

"मग हिच्या देशातलं गाणं तुला कुठनं ठावं?"

ते सांगायला वेळ लागला असता. सोनिया नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असताना टाळेबंदी आली आणि वसतिगृहानं सगळ्या मुलींना घरी पाठवलं. घर म्हणजे माळावरची वस्ती. बाप आणि चुलते मेंढरं राखणारे, आता थोडी डाळिंबंही लावलेली. वस्तीवर मोबाइलला रेंज नव्हती. ती मिळायची बिरोबाच्या टेकाडावर. तिथं मेंढरांवर नजर ठेवत बसल्या बसल्या सोनियाला एकदा पाच पोरांचं गाणं सापडलं. नाचणारी, रंगवलेल्या केसांची, फिलिपिन्सची पोरं. मग त्या देशातली आणखी गाणी, आणि मग नाटकं. थिएटरं बंद पडली म्हणून त्या लोकांनी नाटकांची चित्रीकरणं फुकट दाखवायला ठेवली होती, खाली इंग्रजी अक्षरं.

तिचा आजा बिराप्पा धनगरी ओव्या गाणारा. ओवी गायची, मग थांबून तीच कथा बोलून सांगायची, मग पुन्हा गायची. त्यानं एकदा तिच्या मोबाइलमध्ये डोकावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "बोलता बोलता गायला लागत्यात व्हय ही माणसं? मग ह्ये आपलंच हाय की पोरी. फकस्त घोंगडं न्हाई."

त्या दिवसापासून सोनियाला ते खरोखरच आपलं वाटायला लागलं. तिनं दोनशे पानी वही केली. डाव्या पानावर गाण्याचे शब्द देवनागरीत, उजव्या पानावर अर्थ. अशा तीन वह्या झाल्या. वसतिगृहात परत गेल्यावर मैत्रिणी चिडवायच्या, "सोने, ऐकायचंच तर कोरियाचं ऐक, ते तरी फ्याशनीत हाय. तुझी पोरं म्हंजे कोरियाची डुप्लिकेट." सोनिया हसण्यावारी न्यायची. पण आपल्याला जे आवडतं ते आवडणारं माणूस आसपास एकही नसणं हे उपाशी झोपण्यासारखं असतं. सवय होते, पण भूक जात नाही.

आणि आता ते माणूस तिच्यासमोर उभं होतं, चार महिन्यांचं गरोदर, साडीच्या निऱ्या एका हातानं सावरत.

तिचं नाव लिगाया. सासूनं, म्हणजे अंबूबाई साळुंख्यांनी, केसपेपरवर 'शिवांजली विश्वजीत साळुंखे' असं लिहून घेतलं होतं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं हेच नाव काढलं होतं. लिगाया या शब्दाचा अर्थ आनंद, हे सोनियानं सांगितलं तेव्हा अंबूबाई हळहळल्या. "आधी कुणी सांगितलं असतं तर आनंदीच ठेवलं असतं की गं."

अंबूबाईंचा मुलगा विश्वजीत प्रवासी जहाजावर स्वयंपाकी होता. त्याच जहाजावर रोज संध्याकाळी पाहुण्यांसाठी गाण्यांचा कार्यक्रम व्हायचा, त्यात लिगाया गायची. तिकडं चर्चमध्ये एक लग्न झालं, इकडं मलकापुरात अक्षता टाकून दुसरं. मग विश्वजीत आठ महिन्यांसाठी जहाजावर निघून गेला आणि लिगाया सासू-सासऱ्यांपाशी राहिली.

"तू ऐतवारी येत जा घरी," अंबूबाई त्याच मंगळवारी सोनियाला म्हणाल्या. "तिच्याशी चार शबूद बोल. घरात मुक्यावानी फिरती गं बिचारी. मला इंग्लिश येत न्हाई, आणि आमच्या सुभेदारांचं इंग्लिश म्हंजे नुसती हुकूमत."

सोनियाला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

साळुंख्यांचं घर गावाच्या कडेला, दुमजली, मागं लगेच ऊस. सोनिया रविवारी अकरा वाजता जायची ती दिवेलागणीला परतायची. पहिल्या रविवारी तिनं आपल्या तिन्ही वह्या नेल्या. लिगायानं पानं उलटली. अक्षर तिला वाचता येईना, म्हणून सोनियानं वाचून दाखवलं, आणि लिगाया पोट धरून हसली. मग तिनं उच्चार दुरुस्त केले. सोनियाची फिलिपिनो भाषा गाण्यांतून आलेली, इंग्रजी पुस्तकांतून आलेली, दोन्ही लंगडी. पण दोन लंगड्यांनी एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून चालावं तसं त्यांचं बोलणं चालायचं. सोनिया तिला 'आते' म्हणायची, म्हणजे तिकडच्या भाषेत थोरली बहीण. अंबूबाई म्हणायच्या, "आत्या व्हय? मग मी कोण, आजी का?"

तिसऱ्या रविवारी लिगायानं सहज सांगितलं की जहाजावर जायच्या आधी ती मनिलात नाटकांमध्ये होती. मोठी कामं नव्हती. समूहात गायची, नाचायची.

"कुठल्या नाटकात?"

लिगायानं बंदराच्या त्या नाटकाचं नाव घेतलं.

सोनियानं मोबाइल काढला. लिगायानं तिच्या हातातून तो घेऊन चित्र पुढं सरकवलं आणि थांबवलं. धक्क्यावरची गर्दी. "दुसरी रांग. डावीकडून तिसरी." डोक्यावर मासळीची टोपली घेतलेली एक पोरगी, तोंड उघडं, गाताना. चार सेकंदांत ती कडेनं निघून जात होती.

"चाळीस वेळा पाहिलं मी हे," सोनिया म्हणाली. "चाळीसही वेळा तू माझ्यासमोरून गेलीस."

त्यानंतर लिगाया तिला शिकवायला लागली. श्वास पोटातून घ्यायचा. ओळ संपण्याआधी श्वास संपला तर तो प्रेक्षकाला कळू द्यायचा नाही. रडायच्या गाण्यात रडायचं नाही. सगळं हळू आवाजात, खोलीचं दार लोटून. कारण सासरे, सुभेदार कृष्णात साळुंखे, खाली ओसरीवर पेपर वाचत बसलेले असायचे. सैन्यातून निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली होती, पण घर अजून पलटणीसारखं चालायचं. एकदा आवाज जरा चढला तेव्हा ते जिन्याच्या तोंडाशी येऊन म्हणाले होते, "नर्सबाई, पेशंटला आराम द्या. ही फॅमिली लाइन हाय, बायकापोरांची ऱ्हायची जागा, थेटर न्हाई."

लिगायानं अर्थ विचारला नाही. नुसत्या सुरावरूनच तिला अर्थ कळायचा.

"विश्वजीत म्हणाला होता, मुंबईत राहू," ती त्या दिवशी म्हणाली. "तिथं गायला मिळेल. मी नकाशात पाहिलं, मुंबई इथून केवढी जवळ दिसते."

सोनियानं पुढं काही विचारलं नाही. नवं गाणं शिकायचं राहिलं होतं.

मार्चमध्ये एक गंमत झाली. लिगाया गच्चीवर मनिलाला फोनवर बोलत होती, अंबूबाई खाली तिखट कांडून आणलेलं चाळत होत्या. त्यांनी सोनियाला जवळ बोलावलं. "मला एक सांग. ही फोनवर दर दोन शबदाला हिंदी, हिंदी म्हणती. हिंदी येतंय तर माझ्याशी का बोलंना?"

सोनिया खदखदून हसली. "आवं काकी, त्यांच्यात हिंदी म्हंजे न्हाई. नकार."

"आता गं बया! म्हंजे बाई सारखी न्हाई-न्हाईच म्हणती व्हय?" अंबूबाईही हसल्या. मग चाळणी बाजूला ठेवून म्हणाल्या, "आणि आणखी काय म्हणती?"

"कैरी खावी वाटती म्हणाली. तिकडं कैरीसंगं बारक्या कोळंबीचं कायतरी खारवलेलं खात्यात."

दुसऱ्याच दिवशी अंबूबाईंनी कऱ्हाडच्या बाजारातून कैऱ्या आणल्या, जवळा आणला, तो भाजून लसूण-मिरची घालून वाटला आणि स्वतः ताट घेऊन जिना चढल्या. लिगायानं पहिला घास घेतला आणि सासूच्या गळ्यात हात टाकले. "डोहाळे पुरवायचं म्हंजे आधी कळाय तर पायजेत," अंबूबाई पुढच्या रविवारी सोनियाला म्हणाल्या. "तू हायेस म्हणून कळलं बघ. बहिरीला कान दिलेस पोरी."

सोनियाला आपली उंची वीतभर वाढल्यासारखी वाटली. बारा गावच्या बायका तपासणीला येतात, पण असं कोण म्हणतं नर्सला? मग दर रविवारी निघताना अंबूबाई विचारायच्या, "काय म्हणत हुती आज?" आणि सोनिया सांगायची. झोप लागत नाही म्हणाली. पाय सुजतात म्हणाली. तिच्या आईनं कोंबडी पाळलीय म्हणाली. सांगण्यासारखं नसेल तेव्हाही काहीतरी आठवून सांगायची, कारण न सांगणं म्हणजे आपल्याला कळलं नाही असं व्हायचं.

खरं तर तिला अर्धंच कळायचं. गाण्यात शब्द एकेक करून येतात, माणूस त्यांच्या मागं चालू शकतो. फोनवर लिगाया बोलायची ते वाऱ्यासारखं. सोनिया त्यातले ओळखीचे शब्द टिपायची, बाकीचं जुळवायची. तिची एकच इच्छा होती : एकदा तरी, खाली अक्षरं नसताना, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं कळावं.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी ते घडलं.

लिगाया गच्चीवर मनिलातल्या मैत्रिणीशी बोलत होती. नाटकात दोघी एका रांगेत असायच्या. सोनिया तिथंच खाली बसून वाळत घातलेल्या कुरडया उलटत होती. लिगाया हळू बोलत होती, दमून बोलावं तशी, शब्द सुटे सुटे. आणि सोनियाच्या लक्षात आलं की आपण जुळवत नाही आहोत. आपल्याला कळतंय.

"उउवी ना आको," लिगाया म्हणाली. मी घरी जाणार आहे. हा शब्द सोनियाच्या पहिल्या वहीत पहिल्याच पानावर होता; बंदराच्या गाण्यात तो सात वेळा येतो. महिनाअखेरीला, मुंबईहून. तिकीट तू काढलंस ते बरं झालं. त्यांना सांगेन, आमच्याकडेही बाळंतपण आईकडेच करतात. "हिंदी ना आको बाबालिक." मी आता परत येणार नाही.

एकही शब्द सुटला नव्हता. सोनिया कुरडया तशाच टाकून जिना उतरली, दोन-दोन पायऱ्या एकदम. अंबूबाई स्वयंपाकघरात शेंगदाणे भाजत होत्या.

"काकी! आज मला सगळं कळलं! अगदी सगळं, एक शबूद सुटला न्हाई!"

"व्हय? काय म्हणत हुती?"

शाळेत बाईंसमोर उभं राहून पाठ केलेली कविता म्हणावी तशी सोनियानं ती वाक्यं म्हटली. "महिनाअखेरीला घरी जाणार म्हणाली. तिकीट मैत्रिणीनं काढलंय. बाळंतपणाचं निमित्त सांगणार. आणि आता परत येणार..."

शब्द तिला आधी कळले होते. अर्थ मागाहून आला. मोबाइलवर कधी कधी खालची अक्षरं उशिरा उमटतात, तसा. वाक्य अर्धंच राहिलं, पण ते पुरं करायला अंबूबाईंना कुणाची गरज नव्हती. त्यांनी गॅस बंद केला. शेंगदाणे कढईत तडतडत राहिले.

"न्हाई म्हणजे, आपलं असंच बोलत असंल," सोनिया म्हणाली. "मला पुरतं कुठं कळतंय."

"आत्ताच म्हणालीस, एक शबूद सुटला न्हाई."

अंबूबाई पदराला हात पुसत ओसरीकडे गेल्या. सुभेदारांचा आवाज आला, पेपर घडी घातल्याचा आवाज आला. सोनिया स्वयंपाकघरातच उभी होती. वर जाऊन लिगायाला सांगावं असं तिच्या मनात आलं. पण काय सांगायचं? ती मागच्या दारानं बाहेर पडली आणि उसाच्या कडेकडेनं खोलीवर आली. वह्या तिथंच राहिल्या.

त्याच आठवड्यात सुभेदारांनी लिगायाच्या कपाटातला पासपोर्ट काढून घेतला. सरकारी नोंदणीसाठी लागतो, असं तिला सांगितलं. ही बातमी सोनियाला अंबूबाईंकडूनच कळली, मंगळवारच्या तपासणीत. लिगाया बाकावर भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"काकी, असं करू नका. तिला जाऊ द्या की. पहिलं बाळंतपण माहेरीच असतंय, आपल्यातबी असतंय."

"असतंय की. पण माहेर एसटीच्या वाटंवर पायजे. समिंदरापल्याड कुणाचं माहेर असतंय? नातू गेला म्हंजे गेला." अंबूबाईंचे डोळे भरले होते; ते नाटक नव्हतं. "माझा एकुलता एक बोटीवर. ही गेली तर तोबी तिकडचाच. मग आमी दोघांनी काय भिंती बघत बसायचं? तू सांगितलंस म्हणून घर वाचलं बघ, सोनिया."

सोनियानं विश्वजीतचा नंबर मिळवला. तीन दिवसांनी त्याचा फोन लागला. मागं भांड्यांचा आवाज होता. तिनं घाईघाईनं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला आईनं सांगितलंय सगळं. तुमचे लय उपकार झाले, सिस्टर. आता मी येईपर्यंत तिच्यावर लक्ष ठेवा तेवढं." तिनं पुढं काही म्हणायच्या आत त्याला कुणीतरी हाक मारली.

उपकार या शब्दानं सोनियाला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मग डोहाळजेवण ठरलं, सातव्या महिन्यातलं. अंबूबाई स्वतः दवाखान्यात आल्या. पिशवीत हिरवी साडी होती. "डोहाळजेवणाला माहेरचं माणूस पायजे. ओटी भरायला, साडी द्यायला. हिचं इथं कोण हाय? तिची भाषा तुला येती. तूच तिचं माहेर. साडी मी आणलीया, तू फकस्त आपल्या हातानं दे."

सोनियानं नाही म्हणायला हवं होतं. तिच्या ओठावर आलंही होतं. पण आपण गेलो नाही तर त्या बायकांत लिगाया अगदीच एकटी पडेल, असं तिनं स्वतःला समजावलं. आणि खोटं कशाला, त्या घराशी आपला संबंध कायमचा तुटेल याचीही तिला भीती होती. दुसऱ्या रांगेतली डावीकडून तिसरी पुन्हा नुसती मोबाइलमध्ये उरेल.

डोहाळजेवणाच्या दुपारी फुलांचे दागिने घालायला सोनियालाच वरच्या खोलीत पाठवलं. लिगाया पलंगावर बसली होती. मोगऱ्याची वेणी, फुलांचे बाजूबंद, फुलांची माळ. सोनियाचे हात त्या दोऱ्यात अडकत होते. उशाशी तिच्या तिन्ही वह्या एकावर एक ठेवलेल्या होत्या.

"मी पासपोर्ट परत मागितला, तेव्हा सासरे म्हणाले, नर्सनं सांगितलं," लिगाया इंग्रजीत म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मला वाटलं, दवाखान्यातली दुसरी कुणी नर्स असेल. दोन दिवस मी तेच धरून बसले होते."

सोनिया माळेची गाठ मारत राहिली.

"त्या दिवशी मी तुझ्यासमोर बोलले. खोलीत गेले नाही, दार लावलं नाही. तुला कळतंय हे मला माहीत होतं. या घरात माझं बोलणं कुणाला तरी कळतंय, म्हणूनच मी तिथं बोलत होते."

"मी पोलिसांत जाते," सोनिया म्हणाली. "आजच जाते. पासपोर्ट असा कुणी ठेवून घेऊ शकत न्हाई."

"आणि तिथं माझं म्हणणं त्यांना कोण समजावून सांगणार? तू?"

सोनियानं तिच्या पायांशी बसून तो एक शब्द म्हटला. "पातावाद." मला क्षमा कर. हाही शब्द वहीतलाच. लिगायानंच त्याचा उच्चार दुरुस्त करून दिला होता.

"बरोबर म्हणालीस," लिगाया म्हणाली. "गाण्यात हा शब्द शेवटच्या कडव्यात येतो. मग टाळ्या पडतात."

तिनं वह्या उचलून सोनियाच्या मांडीवर ठेवल्या आणि स्वतःच जिना उतरायला लागली.

खाली झोपाळ्याला उसाच्या शेंड्यांचे हिरवे वाढे बांधले होते. मलकापुरातल्या तीस-पस्तीस बायका जमल्या होत्या. सोनियानं माहेरची म्हणून साडी दिली, ओटी भरली. लिगायानं वाकून ती पदरात घेतली, जशी कुणाही परक्या बाईकडून घ्यावी. झाकलेल्या दोन वाट्या पुढं आल्या. तिनं एकीवरचं झाकण काढलं, आत पेढा निघाला आणि बायकांनी गिल्ला केला. अंबूबाईंनी कडाकडा बोटं मोडली.

"आता माहेरवाल्यांनी गाणं म्हणायचं!" कुणीतरी ओरडलं.

"आमची सोनिया तिच्या भाषेत गाती!" अंबूबाई कौतुकानं म्हणाल्या. "ऐका तर खरं. म्हण गं. आज सुभेदारबी काय म्हणायचे न्हाईत."

सोनिया उभी राहिली. तिला एकच गाणं सुचलं. पोटातून श्वास घेऊन तिनं बंदराचं गाणं धरलं. इतके दिवस दार लोटून गायलेलं गाणं पहिल्यांदा मोकळ्या आवाजात त्या घरात घुमलं. बायका गप्प झाल्या. आवाज खरंच चांगला लागला होता. लिगायानं लावून दिलेला होता. कडव्याच्या मध्यावर, दवाखान्यात लिगाया जिथं थांबली होती तिथं येऊन, सोनिया थांबली आणि झोपाळ्याकडे बघत राहिली. पुढची ओळ तिकडून येईल म्हणून.

झोपाळा कुरकुरत राहिला. लिगाया ओटीतले तांदूळ बोटानं सारखे करत होती.

मग बायकांना वाटलं, गाणं संपलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

पंगत बसायच्या वेळी लिगायाचा फोन वाजला. पडद्यावर एक म्हातारी, मागं केळीचं झाड. तिची आई. लिगाया झोपाळ्यावरून उठली नाही, आवाज लहान केला नाही. सगळ्यांच्या समोर, सोनियाच्या हातभर अंतरावर बसून ती बोलायला लागली. बराच वेळ बोलली. मध्येच हसली, एकदा तिनं झोपाळ्याच्या कडीवर मूठ आपटली.

सोनिया कान लावून ऐकत होती. पहिलं वाक्य निसटलं, दुसरं निसटलं. एकही ओळखीचा शब्द येईना. मग तिला आठवलं. लिगायानंच कधीतरी सांगितलं होतं : मी मनिलाची नव्हे, आमचं बेट दूर दक्षिणेला, घरची भाषा वेगळी, ही गाण्यातली भाषा मी शाळेत शिकले, मनिलात जाऊन माझी केली. सोनियाला तेव्हा ते महत्त्वाचं वाटलं नव्हतं. त्या भाषेत तिच्या माहितीची गाणी नव्हती.

आता ती टेकाडावर बसलेल्या पहिल्या दिवसासारखी ऐकत होती. नुसते सूर. खाली अक्षरं नाहीत.

अंबूबाई पुरणपोळीचं ताट घेऊन आल्या आणि सोनियाच्या कानाशी वाकल्या. "काय म्हणती गं आईला?"

"मला कळत न्हाई काकी."

"असं कसं?"

"ही दुसरी भाषा हाय. तिच्या घरची. मला येत न्हाई."

अंबूबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग झोपाळ्याकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे.

"अस्सं," त्या म्हणाल्या. "म्हंजे आता तू बी लपवाय लागलीस व्हय?"

त्यांनी ताट सोनियाच्या पुढ्यात न ठेवता शेजारच्या बाईपुढं ठेवलं. झोपाळ्यावर लिगाया बोलतच होती.